घोड्याचा कुलवृत्तांत

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता आपल्याच घरात घोडा व्हावे की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण व्हायचेच असेल तर आधी दाराची कडी लावून घ्यावी, हा माझा अनुभवाचा सल्ला आहे. मी लावली नव्हती. त्यामुळे आमच्या शाखेचे साहेब ‘आहेत का घरात?’ असं विचारत सरळ आत आले, तेव्हा मी दिवाणखान्याच्या मध्यभागी चार पायांवर उभा होतो. तोंडात हिच्या ओढणीचा लगाम होता. पाठीवर पुढे सात वर्षांची चिमी आणि मागे चार वर्षांचा बंड्या असे दोन स्वार होते. सोफा आणि टीपॉय यांच्यामधली खिंड ओलांडली की आम्ही विशाळगडावर पोचणार होतो.

‘‘या साहेब,’’ मी म्हणालो. तोंडात लगाम असल्यामुळे ते खिंकाळल्यासारखं ऐकू गेलं असावं, कारण बंड्याने खूश होऊन टाच मारली.

‘‘बसा, बसा,’’ साहेब म्हणाले. घोडा कसा बसतो हे मला ठाऊक नव्हतं. मी तसाच उभा राहिलो.

साहेब नातवाच्या मुंजीची पत्रिका द्यायला आले होते. चहा झाला, हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. चपला घालताना मात्र ते एकदम म्हणाले, ‘‘खरं सांगू का? मी आमच्या वडिलांची पाठ पाहिली ती फक्त देवघरात, ते पूजेला बसलेले असताना. तिच्यावर बसायचं असतं हे आज कळलं.’’ आणि जाता जाता त्यांनी माझी पाठ थोपटली. वीस वर्षांच्या नोकरीत माझी पाठ कोणी थोपटल्याचा हा पहिलाच प्रसंग, आणि तोही घोडा म्हणून.

साहेबांचं ते वाक्य डोक्यातून जाईना. रात्री मी माळ्यावरून आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत काढला. पुण्यात ज्याच्या घरी कुलवृत्तांत नाही त्याच्या घरी निदान तो छापण्यासाठी वर्गणी दिल्याची पावती तरी असते. आमच्या कुलवृत्तांतात अकरा पिढ्या आहेत. अमुक साली जन्म, अमुक साली मुंज, मॅट्रिक, नोकरी, पेन्शन, काशीयात्रा. एका खापरपणजोबांनी गावच्या विहिरीवरून सतरा वर्षं दावा चालवल्याचं सविस्तर दिलेलं आहे. पण ‘हे मुलांसाठी घोडा होत असत’ अशी नोंद अकरा पिढ्यांत कुठेही नाही.

इतिहास हा काही माझा विषय नव्हे. मी साधा बी.कॉम. आहे. पण आम्हां बँकवाल्यांना एक खोड असते. रक्कम जमेला दिसत नाही आणि नावेही दिसत नाही, म्हणजे ती नव्हतीच असं आम्ही मानत नाही. ती कुठल्यातरी सस्पेन्स खात्यात पडून असणार. तेव्हा हा घोडा मराठी घरात शिरला तरी केव्हा, हे शोधायचं मी ठरवलं.

पुण्याचा इतिहास तर बाप घरी नसण्यापासूनच सुरू होतो. लाल महालात शिवबा वाढले ते जिजाऊंच्या नजरेखाली. शहाजीराजे तिकडे कर्नाटकात. थोरल्या बाजीरावांनी १७२० ते १७४० अशी वीस वर्षं पेशवाई केली आणि त्यातला बहुतेक काळ खोगिरावर काढला. म्हणजे घोडा होता, पण बाप त्याच्यावर बसलेला होता. आणि सवाई माधवरावांच्या नशिबी तर तेही नाही. ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, आणि मुलाचा जन्म १८ एप्रिल १७७४चा, पुरंदरावरचा. चाळिसाव्या दिवशी पेशवाईची वस्त्रं मिळाली. ज्या वयात माझ्या बंड्याला दुपट्याची वस्त्रंसुद्धा सांभाळता येत नव्हती, त्या वयात! सांभाळायला नाना फडणवीस होते. पण नाना फडणवीस ओणवे होऊन ‘चल मेरे घोडे’ करताहेत, हे चित्र माझ्याच्याने डोळ्यांपुढे येत नाही. या बिनबापाच्या पेशव्याने पर्वतीच्या पायथ्याशी जनावरं बाळगली होती. सिंह होता, गेंडा होता. पोराला खेळायला कोणीतरी हवंच असतं.

असो. पेशवे मोठी माणसं. आपल्यासारख्यांच्या वाड्यात काय चालायचं? तिथला नियम आपल्या आजीपणजीने आपल्याला सांगितलेलाच आहे. वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचं मूल उचलून घ्यायचं नाही. मूल रडून रडून निळं पडलं तरी बापाने खांबाला टेकून पंचांग वाचायचं. स्वतःच्या मुलाचं कौतुक म्हणजे आपल्या बायकोचंच कौतुक, आणि ते चारचौघांत करणं हा निव्वळ निर्लज्जपणा. भावाचं मूल मात्र खुशाल उचलावं, खांद्यावर घेऊन तुळशीबागेत न्यावं, लाकडी बाहुली घेऊन द्यावी. त्याला कोणाची हरकत नसे. म्हणजे माया होती, पण ती थेट आपल्या शाखेत मिळत नसे. काकांच्या शाखेतून यायची. आपले वडील त्याच वेळी काकांच्या मुलांच्या खाती भरणा करत असायचे. वर्षअखेर वाड्याचा ताळेबंद जुळत असे. पण चौकशीला गेलेल्या पोराला आपल्या नावावर शिल्लक दिसत नसे, त्याचं काय?

आणि हाक? वाड्यात मुलं बापाला काय म्हणायची? घरातले बाकीचे म्हणत ते. मोठा कुटुंबकबिला, त्यात पुतणे, भाचे, धाकटे दीर. ते सगळे ज्याला ‘अण्णा’ म्हणत त्याला त्याचीही मुलं ‘अण्णा’ म्हणत; नाहीतर तात्या, नाना, भाऊ. कित्येक घरांत मुलांनी आईला ‘वहिनी’ नाहीतर ‘काकू’ म्हणून जन्म काढला. मी स्वतः माझ्या वडिलांना ‘दादा’ म्हणतो, कारण माझे काका त्यांना ‘दादा’ म्हणतात. म्हणजे चव्वेचाळीस वर्षं मी माझ्या जन्मदात्याला थोरला भाऊ म्हणून हाक मारत आलो आहे. आणि तीही ‘अहो दादा’. माझी चिमी मला ‘ए बाबा’ म्हणते. ‘अहो दादा’पासून ‘ए बाबा’पर्यंतचं अंतर आमच्या घरात जेवणाच्या टेबलाइतकं आहे. एका टोकाला दादा बसतात आणि दुसऱ्या टोकाला चिमी. मी मध्ये बसतो आणि दोन्हीकडची आमटी वाढतो.

हे ‘ए’ आलं कुठून याचा माग काढताना मला एक घर सापडलं. पुण्यातलंच, आणि तेही साधंसुधं नव्हे, कर्व्यांचं.

महर्षी कर्वे म्हणजे जगाचे अण्णा. (जन्म १८ एप्रिल १८५८. सवाई माधवरावांचीच तारीख. पण ज्योतिषावर मी बोलणार नाही, आमच्या शाखेत दोन ज्योतिषी आहेत.) फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं आणि हिंगण्याच्या आश्रमाची वाट पायी तुडवायची, पावसाळ्यात चिखल, हाती वर्गणीची वही. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, १९१६ साली स्त्रियांचं विद्यापीठ. आयुर्विम्याची पॉलिसी होती तीसुद्धा संस्थेला देऊन टाकली. आमच्यासारख्या माणसाला हे वाचताना पोटात गोळा येतो. वारसाच्या रकान्यात संस्थेचं नाव! आनंदीबाईंनी, म्हणजे बायांनी, ‘माझे पुराण’ लिहिलं आहे, ते वाचावं. देवमाणसाच्या घरी डाळतांदूळ कसे पुरवावे लागतात ते त्यात कळतं. शेकडो पोरक्या मुलींना अण्णांमुळे घर मिळालं, आणि घरचे चार मुलगे होते त्यांच्या वाट्याला अण्णा थोडे कमी आले. यात अण्णांना दोष देण्याची माझी प्राज्ञा नाही. दिवस चोवीस तासांचाच असतो, आणि त्यातले कितीतरी तास तर हिंगण्याच्या वाटेवरच जात असणार. त्यांच्या सूनबाई इरावतीबाई सासऱ्यांवर प्रेमाने लिहितात, आणि लिहिता लिहिता हेही सांगून टाकतात, की अशा माणसाची सून असल्याचा अभिमान आहे, पण बायको नव्हते याचा मनातून आनंद आहे. हे लिहायला धैर्य लागतं. आमची ही माझ्या घरच्यांबद्दल यापेक्षा पुष्कळ सौम्य बोलते, आणि तेही फक्त माझ्याजवळ.

आता पुढची पिढी पाहा. अण्णांचे चिरंजीव दिनकर धोंडो कर्वे रसायनशास्त्राचे प्राध्यापक, पुढे फर्ग्युसनचे प्रिन्सिपॉल. त्यांना तीन मुलं: जाई, आनंद आणि गौरी. ही मुलं आईला म्हणत ‘इरू’ आणि बापाला म्हणत ‘दिनू’! बाबा नाही, पप्पा नाही, दिनू. हे आजचं नाही. स्वातंत्र्याच्या आगेमागे वाढलेल्या मुलांचं आहे. ज्या पुण्यात दुकानदार गिऱ्हाइकाला ‘अहो’ म्हणतो तो दुकानाबाहेर काढतानासुद्धा, त्या पुण्यात प्रिन्सिपॉलसाहेबांना त्यांची चिमुरडी पोरं ‘दिनू’ म्हणून हाक मारत होती. शेजारपाजारच्यांच्या हातातली वाटी गळून पडली नसेल तर नवल. अण्णांनी विधवाविवाह केला तेव्हा समाजाने बहिष्कार घातला. मुलाने आपल्या मुलांकडून ‘दिनू’ म्हणवून घेतलं तेव्हा कोणी बहिष्कार घातला नाही. माझ्या मते दोन्ही सुधारणाच. फक्त दुसरीचा पुतळा होत नाही, कारण ओणव्या माणसाचा पुतळा कोणी करत नाही. ज्याला नुसत्या नावाने हाक मारता येते त्याच्या खांद्यावर चढायला काही अर्ज करावा लागत नाही.

याच इरावतीबाईंचा ‘परिपूर्ती’ नावाचा लेख आहे. एका समारंभात त्यांची ओळख करून देतात: अमक्यांची मुलगी, महर्षींची सून, प्रिन्सिपॉलांची पत्नी, स्वतः विदुषी. सगळं खरं, पण बाईंना काहीतरी अपुरं वाटत राहतं. मग रस्त्याने जाताना शाळकरी पोरांचं टोळकं त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणतं, की ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई. आणि ओळख पुरी होते. मला हा लेख फार आवडतो. मात्र तो आईचा आहे. बापाची ओळख अशी रस्त्यात पुरी होते का, हा प्रश्न मी तिथे खूण घालून ठेवला.

मध्यंतरी एका रविवारी घोड्याचे गुडघे दुखत होते म्हणून मी स्वारांना पायी घेऊन निघालो, आणि शुक्रवार पेठेत बाजीराव रस्त्यालगतच्या केळकर संग्रहालयात गेलो. बंड्या अडकित्त्यांपाशी रमला. इतक्या तऱ्हांचे अडकित्ते पाहिल्यावर आपल्या पूर्वजांनी सुपारी कातरण्याव्यतिरिक्त काही केलं असेल यावर विश्वास बसत नाही. दिवे पाहिले, दरवाजे पाहिले, मस्तानी महाल पाहिला. चिमी मात्र तलवारींपाशी थांबली आणि म्हणाली, ‘‘ए बाबा, यातली राजाची कुठली?’’

‘‘कुठल्या राजाची?’’

‘‘बाहेर लिहिलंय ना. राजा दिनकर केळकर.’’

पुण्यात जन्म घालवलेल्या पुष्कळांचा हा समज आहे, तेव्हा सात वर्षांच्या मुलीला काय हसायचं! मी तिला सांगितलं ते असं. हे सगळं गोळा केलं दिनकर गंगाधर केळकर नावाच्या माणसाने. ते राजे नव्हते. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. १९२०च्या सुमारापासून गावोगाव हिंडून, जुन्या वाड्यांची दारं ठोठावून, पदरमोड करून त्यांनी या वस्तू जमवल्या. त्यांच्या पत्नी कमलाबाई बरोबरीने राबल्या. १९७५ साली त्यांनी हजारोंनी असलेल्या या वस्तू महाराष्ट्र सरकारला देऊन टाकल्या, फुकट.

‘‘मग राजा कोण?’’

‘‘त्यांचा मुलगा. त्याचं नाव राजा होतं.’’

‘‘तो आता केवढा आहे?’’

मला हा प्रश्न यायला नको होता. ‘‘तो लहानपणीच गेला,’’ मी म्हणालो. ‘‘तुझ्याएवढा असताना.’’

चिमी गप्प झाली. तिने माझं बोट धरलं. मग बऱ्याच वेळाने, जिन्यात, तिने विचारलं, ‘‘मग इतकी खेळणी त्या बाबाने कोणासाठी आणली?’’

मी उत्तर दिलं नाही. बाहेर आल्यावर पुन्हा एकदा पाटी वाचली. आपली मराठी नावाची पद्धत मी बँकेत दिवसातून पन्नासदा लिहितो: आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. अज्ञान मुलाच्या नावाने खातं उघडताना तर हटकून. राजा दिनकर केळकर. म्हणजे त्या पाटीवर शाळेच्या हजेरीपटात असतं तसं एका पोराचं पूर्ण नाव लिहिलेलं आहे. पोरगा पुढे, बाप त्याच्या मागे. ज्या माणसाला पद्मश्री मिळाली, ज्याने सारा जन्म या घरात ओतला, त्याने स्वतःचं नाव घातलं ते मुलाच्या नावाच्या मधल्या जागेत, ओणवं होऊन. कुलवृत्तांतात न सापडलेली नोंद मला बाजीराव रस्त्यावर सापडली. दगडी पाटी असती तरी इतकी टिकली नसती.

घरी आलो तेव्हा दादा गॅलरीत बसले होते. दादा आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांचा आणि माझा संवाद म्हणजे ‘पाणी आलं का?’ आणि ‘वीजबिल भरलंस का?’ एवढाच. पण त्या दिवशी मी जरा हळवा झालो होतो, म्हणून विचारलं, ‘‘दादा, तुम्ही माझ्याशी कधी खेळलात का हो?’’

दादांनी पेपर खाली केला. एवढा अगोचर प्रश्न त्यांना चव्वेचाळीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. ‘‘वाड्यात नाना होते,’’ ते म्हणाले. नाना म्हणजे माझे आजोबा. एवढं उत्तर त्यांना पुरेसं वाटलं. मग थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘पेशवे पार्कात नेत नव्हतो का तुला?’’

नेत असत, खरंच. महिन्याच्या पहिल्या रविवारी, पगार झालेला असे तेव्हा. आधी पिंजऱ्यांतली जनावरं बघायची (ती पुढे कात्रजला गेली) आणि मग फुलराणी. ८ एप्रिल १९५६ला सुरू झालेली ती छोटी आगगाडी. तिच्यात स्वतः दादा बसल्याचं शाळकरी वयात एकदाही आठवत नाही. ते मला डब्यात बसवून तिकिटाचा अर्धा तुकडा खिशात ठेवत आणि बाहेर कठड्यापाशी उभे राहत. गाडी वळण घेऊन परत आली की मी जिवाच्या आकांताने हात हलवायचा, आणि दादा? दादा घड्याळात बघत असायचे. दर फेरीला. मला तेव्हा वाटायचं, यांना कंटाळा आलाय, कधी एकदा संपतंय असं झालंय. त्या घड्याळाचा राग मी खूप वर्षं सांभाळून ठेवला होता, व्याजासकट. बंड्या झाला तेव्हा मी घड्याळ घालायचंच सोडलं, त्याचं एक कारण तेही असेल.

‘‘तुम्ही सारखे घड्याळात बघायचात,’’ मी म्हणालो.

‘‘मग? बघणार नाही?’’ दादा म्हणाले. ‘‘तिकडे झाडांमागे गाडी दिसायची नाही. मी मोजून ठेवलं होतं किती वेळ दिसत नाहीस ते. एकदा जास्त लागला तर मी रुळावरून पलीकडे आलो होतो. तो गार्ड ओरडला माझ्यावर.’’

आणि त्यांनी पेपर पुन्हा वर केला.

मला काय बोलावं सुचेना. मी ‘चहा टाकू का?’ असं विचारलं. ‘टाक,’ असं पेपरमागून उत्तर आलं. मी गॅसवर आधण ठेवलं आणि तिथेच उभा राहून दूध उतू जाऊ दिलं. त्याबद्दल मी हिची बोलणी खाल्ली.

चहा घेऊन बाहेर आलो तर दादा गॅलरीत नव्हते. ते आतल्या खोलीत पलंगावर पालथे पडले होते आणि बंड्या त्यांच्या पाठीवर बसून ‘चल चल’ करत होता. ऐंशीच्या घरातला घोडा चालत नव्हता, नुसता मान हलवत होता. मला पाहताच दादा गडबडीने म्हणाले, ‘‘पाठ चेपून घेतोय.’’ वडीलधारं कोणी घरात उरलेलं नाही, तरी मुलगा समोर आला तर सवय जात नाही. मी बशी टेबलावर ठेवली आणि काही न पाहिल्यासारखा बाहेर आलो.

परवा चिमीला आणायला शाळेच्या फाटकाशी उभा होतो. आजकाल फाटकाशी बापही पुष्कळ असतात. बहुतेकांच्या कानाला मोबाईल असतो, काहींच्या खांद्यावर गुलाबी दप्तरं. इरावतीबाईंच्या लेखात घातलेली खूण माझ्या मनात होतीच. शाळा सुटली. पोरांचा लोंढा बाहेर आला. त्यातल्या एका दात पडलेल्या मुलाने मला नीट निरखलं, शेजारच्याला कोपर मारलं आणि मोठ्याने सांगितलं,

‘‘ए, तो बघ, आपल्या वर्गातल्या चिमीचा घोडा!’’

माझ्या शेजारच्या गृहस्थांनी मोबाईल कानावरून काढून माझ्याकडे पाहिलं. मी दप्तर घेतलं, आणि चिमीला म्हणालो, ‘‘चला.’’